प्लॅन वाढवून सर्व्हर बरा होत नाही

भोसरी, तळवडे, चाकण. वर्कशॉप कुठलंही असो, तक्रार ठरलेली. "साहेब, सकाळी साडेदहाला ड्रॉइंग उघडायला जीव जातो. इंटरनेटचा प्लॅनसुद्धा वाढवला, पण फरक नाही."

पडणारच नाही. तुमचा फाइल सर्व्हर तुमच्याच ऑफिसात, रॅकवर बसलाय. डिझायनरच्या टेबलापर्यंत फाइल येते ती ऑफिसातल्या वायरीतून आणि स्विचमधून. बाहेरच्या इंटरनेटचा इथे संबंधच नाही. तरी दर महिन्याला कोणीतरी हेच चुकीचं औषध दुप्पट डोसमध्ये घेऊन माझ्याकडे येतो.

दुसरी खोड म्हणजे मला संध्याकाळी सातला बोलावणं. तेव्हा सगळे घरी गेलेले असतात आणि सर्व्हर ठणठणीत असतो. दुखतंय तेव्हाच नाडी बघायची असते. ऐन गर्दीत सर्व्हरवर रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्क आणि नेटवर्क पाहा, कुठला प्रोग्राम वर आलाय ते वेळेसकट वहीत लिहा. आठवडाभराची अशी वही माझं निम्मं काम करते.

भोसरीतल्या एका टूलरूमचं दुखणं रविवारी सकाळी उठायचं. मालकांनी रॅम वाढवली होती, नव्या सर्व्हरचं कोटेशनही मागवलं होतं. वही पाहिली तर रविवारी अकराला पूर्ण बॅकअप सुरू होत होता. बसवणाऱ्याने विचार केला, रविवार म्हणजे सुट्टी. अहो, भोसरीची सुट्टी गुरुवारी! मग गुरुवार धरायचा? तोही नाही, कारण त्या दिवशी देखभालीसाठी वीज जाऊ शकते. बॅकअप बुधवारी रात्री लावला आणि कोटेशन फाइलला गेलं.

घाबरू नका, बहुतेक दुखणी अशीच स्वस्तातली असतात. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन भर कामात लागलेलं असतं. ते रात्री लावा. गिगाबिट वेगासाठी केबलमधल्या आठही तारा धड लागतात. क्रिंपिंगमध्ये एक सुटली, तर जोडणी गुपचूप १०० मेगाबिटवर उतरू शकते, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट. सर्व्हरचीच केबल अशी निघाली, तर तेवढ्यात अख्ख्या डिझाइन विभागाने भागवायचं. स्विचचे दिवे आणि जोडणीचा वेग तपासा. हे सगळं ठीक असूनही असेंब्ली उघडताना घोडं अडत असेल, तर जुनी फिरती डिस्क बघा. ७२०० आरपीएमची एक डिस्क इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला साधारण शंभरदाच वाचू शकते, आणि एका असेंब्लीत शेकडो पार्ट असतात. चार जणांनी असेंब्ली एकदम उघडली की डिस्क थकणारच. इथे मात्र एसएसडीवर खर्च करा.

आता रागवायची पाळी. यूट्यूब बघून अँटिव्हायरस बंद करणं, रजिस्ट्री 'साफ' करणारी सॉफ्टवेअर टाकणं आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या स्कॅनरसाठी एसएमबी१ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल पुन्हा सुरू करणं, हे उपचार नव्हेत. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच प्रोटोकॉलच्या भोकातून जगभर पसरलं. जूनमध्ये नॉटपेट्याने तेही भोक वापरलं आणि आपल्या न्हावा-शेव्याला मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. तुमच्या 'थोड्या स्पीड'साठी हा धोका पत्करायचा?

पुढली लक्षणं दिसली तर मात्र थांबू नका:

• डिस्कवर नारिंगी दिवा किंवा सर्व्हरचा सततचा बीप. काही ठिकाणी दिव्यावर चक्क चिकटपट्टी लावलेली मी पाहिली आहे! रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तर काम चालतं. दुसरी गेली की डेटा गेला.
• इव्हेंट लॉगमध्ये खराब ब्लॉकची नोंद, किंवा डिस्कमधून टकटक आवाज. आधी बॅकअप, मग बाकीचं.
• वीज गेल्या-आल्यानंतर सेव्ह करणं एकदम मंदावणं. रेड कार्डाची बॅटरी मेलेली असू शकते.
• फाइलींची नावं किंवा एक्स्टेन्शन आपोआप बदलणं. रॅन्समवेअर शिरलेलं असू शकतं. त्याच क्षणी लॅनची केबल उपटा आणि फोन करा.

आणि बॅकअप 'चालू आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. या आठवड्यात त्यातली एक फाइल परत आणून उघडून बघा. उघडली नाही, तर सर्व्हरच्या वेगाचं नंतर पाहू. तुमचं खरं दुखणं तिथे आहे.