कुलूपबंद संगणक व त्याची किल्ली

आम्हां धान्यवाल्यांच्या रोजकीर्दी व खतावण्या आता संगणकात राहतात. तेव्हा त्या तिजोरीच्या किल्लीचा विचार करणे प्राप्त आहे. विंडोजमधील ‘बिटलॉकर’ ही व्यवस्था सारी डिस्क सांकेतिक रूपात ठेवते. विंडोज ११ च्या नव्या यंत्रांवर तर ती पुष्कळदा न सांगताच चालू असते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला की यंत्रास संशय येतो व ते ४८ अंकी किल्ली मागते. नित्याचा पासवर्ड तेथे चालत नाही.

अशा वेळी घाबरून डिस्क फॉरमॅट करू देऊ नये. दुरुस्तीवाले हा सल्ला फार सहज देतात, आणि त्यात सारा हिशेब जातो. पडद्यावरील किल्लीचा ओळखक्रमांक उतरून घ्यावा. मग ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम सुरू केला, ते दुसऱ्या यंत्रावर उघडून त्याच क्रमांकाची किल्ली शोधावी. (पुष्कळदा ते खाते जुन्या मुनिमाच्या किंवा चिरंजीवांच्या नावे निघते!) छापून ठेवलेला कागद दस्तऐवजांतही पाहावा. किल्लीत सहा-सहा अंकांचे आठ गट असतात; प्रत्येकास ११ ने निःशेष भाग जातो, म्हणून उतरवण्यातील चूक बहुधा तपासता येते.

किल्ली कोठेच न मिळाल्यास खुद्द मायक्रोसॉफ्टही ती नव्याने देऊ शकत नाही. मग निराळ्या डिस्कवरील प्रतीवरून, तीही नसल्यास बिले व बँकेच्या उताऱ्यांवरून, खतावणी पुन्हा लिहावी लागते.