अंगणातून गेलेली पाऊलवाट

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील कचेऱ्यांच्या आसऱ्याने दस्तलेखनाचा व्यवसाय करीत मी आयुष्याची तीसेक वर्षे घालविली. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र असे नाना प्रकारचे दस्तऐवज माझ्या हातून तयार झाले, आणि त्या प्रत्येक कागदासोबत कोणाची तरी जमीन, कोणाचे घर, कोणा विधवेच्या निर्वाहाचा एकुलता एक आधार काही तासांपुरता का होईना, माझ्या हवाली झालेला असे. या व्यवसायात मसुदा निर्दोष असावा लागतो आणि कायद्याची कलमे तोंडपाठ असावी लागतात, हे खरेच. परंतु त्याहूनही मोठा दंडक असा की पक्षकाराने विश्वासाने सोपविलेला कागद आपल्या हातून तिसऱ्याच्या हाती जाता कामा नये. तो दंडक मी पाळला, असे आज मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, आणि याला कारण झाले माझ्या खिशातील मोबाइलवरचे एक मोफत अ‍ॅप. दुसऱ्या कोणावर हा प्रसंग येऊ नये, एवढ्याच हेतूने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

कागदांची छायाचित्रे काढून त्यांची पीडीएफ बनविणारे ते अ‍ॅप मी घेतले तेव्हा त्यात जाहिरातीचा मागमूसही नव्हता. वर्षभराने पडद्याच्या तळाशी एक बारीक पट्टी दिसू लागली. पुढे दोन पानांच्या मध्ये पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात येऊ लागली. त्यानंतर ती पाच सेकंद हलेनाशी झाली, आणि अखेर ती बंद करण्याची फुली इतकी लहान आणि इतकी फिकट झाली की चाळिशी लावूनही ती हुडकावी लागे. हाच प्रकार पंचांगाच्या अ‍ॅपमध्ये झाला, जेथे दस्ताच्या नोंदणीसाठी चांगली तिथी पाहावयास जावे तो सोनेतारण कर्जाची जाहिरात आधी समोर उभी राही; आणि मराठी टंकलेखनाच्या कळफलकातही तोच प्रकार झाला. प्रत्येक वेळी मी मनाशी म्हणालो की फुकटची वस्तू आहे, एवढे चालावयाचेच. या प्रत्येक ‘चालावयाचेच’ने मी पुढच्या अतिक्रमणाला वाट करून देत होतो, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

एका मे महिन्यात, ऊन ऐन भरात असताना, कळमेश्वरकडील एक वृद्ध शेतकरी आपल्या बहिणीला घेऊन हक्कसोडपत्रासाठी माझ्याकडे आले. सातबारा, आधार कार्ड, पॅन कार्ड आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला, असे सारे कागद त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधून आणले होते. दुपारची वेळ ठरलेली, मागे रांग लागलेली, आणि मी एकेक कागद टेबलावर पसरून टिपत असता प्रत्येक पानानंतर जाहिरात आडवी येऊ लागली. शेवटी पडद्यावर एक मोठे हिरवे बटण उमटले: जाहिराती हटवा, फक्त २ रुपये. घाईच्या भरात मी ते दाबले, यूपीआयचा पिन टाकला आणि सुटकेचा नि:श्वास सोडला. तेवढ्यात त्या जाहिरातींकडे मघापासून टक लावून पाहत असलेल्या त्या गृहस्थांनी मला विचारले, “बाबूजी, हे मधीमधी कोन येऊन रायलं जी? माझा कागद त्याइच्यापाशी गेला का?” मी “नाही जी, काका” असे म्हणालो खरा, परंतु ते उत्तर कशाच्या आधारावर दिले, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते.

पाच महिन्यांनी पासबुकात नोंदी करून घेतल्या, तेव्हा दरमहा २९९ रुपये वजा होत असल्याचे दिसले. त्या २ रुपयांच्या खाली, बारीक अक्षरांत, आपोआप वसुलीची संमती दडलेली होती, आणि पिन टाकताच ती मी बिनशर्त देऊन बसलो होतो. ज्याने जन्मभर पक्षकारांना ‘वाचून, समजून, मगच सही करा’ असे बजाविले, त्याने स्वतः न वाचता सही केली होती. तरीही १४९५ रुपयांचे दुःख फार काळ राहिले नाही. त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे मात्र राहिले, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी या विषयाच्या मुळाशी गेलो.

तेथे जे कळले ते असे. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव होतो तेव्हा माल समोर असतो, मालधनी उभा असतो, आणि बोली सर्वांना ऐकू येते. मोबाइलवर जाहिरातीची जागा रिकामी होताच तिचाही असाच लिलाव होतो. परंतु तो डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी संपतो, आणि बोली लावणाऱ्यांपुढे मांडला जाणारा माल म्हणजे आपला फोन कोणता, त्याचा जाहिरात-क्रमांक काय, आपण साधारण कोठे आहो, कोणते अ‍ॅप वापरीत आहो, ही माहिती असते. शिवाय ही जाहिरात दाखविणारी यंत्रणा बहुधा अ‍ॅप बनविणाऱ्याची नसते. ती तिसऱ्याच कोणाकडून तयार आणून आत बसविलेली असते, आणि तिच्या पोटात काय आहे हे पुष्कळदा ती बसविणाऱ्यासही ठाऊक नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅमस्कॅनर या कागद टिपणाऱ्या आणि १० कोटींहून अधिक वेळा उतरविल्या गेलेल्या अ‍ॅपमध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना जो घातक भाग सापडला, तो अशाच एका जाहिरात-घटकातून शिरलेला होता; गूगलने तेव्हा ते अ‍ॅप आपल्या दुकानातून काही काळ काढून टाकले. पुढे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव ज्या ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांतही ते होते.

आमच्या व्यवसायात ‘वहिवाट’ हा मोठा वजनदार शब्द आहे. आपल्या अंगणातून शेजारी उघडपणे, हक्काने आणि बिनहरकत ये-जा करीत राहिला, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे २० वर्षांनी ती वाट त्याच्या हक्काची होऊन बसते, आणि मग अंगण आपले असूनही तेथे भिंत घालता येत नाही. संगणकावर जाहिरातीची वहिवाट पडावयास २० वर्षे लागत नाहीत. एक अद्ययावत आवृत्ती पुरते. विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूत २०२४ साली अ‍ॅपांच्या शिफारशी म्हणून जाहिराती आल्या, त्या अशाच नेहमीच्या अद्ययावतीबरोबर. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या बंद करता येतात. पण हरकत घेण्याचा भार घरमालकावर टाकला गेला, आणि ज्याला हरकत घेता येते हेच माहीत नाही, त्याच्या अंगणातून वाट पडते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतील १३ प्रकारांत वेषांतर करून आलेली जाहिरात, वर्गणीचा सापळा आणि सततचा तगादा हे तिन्ही नावानिशी नमूद आहेत. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली, आणि प्रत्येक वाचकाने ती नोंदवावी असे माझे सांगणे आहे. परंतु तक्रार ही घटना घडून गेल्यावरची गोष्ट होय. वाट पडूच नये असे अंगण कोठे मिळते, याचा शोध घेता मी मुक्त स्रोत, म्हणजे ज्याची आतली संहिता कोणालाही तपासता व बदलता येते अशा, सॉफ्टवेअरपाशी आलो.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ मध्ये ‘जीपीएल’ नावाचा परवाना प्रसिद्ध झाला, आणि १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला, हा इतिहास अनेकांस ठाऊक असेल. मी मात्र तो परवाना एका दस्तलेखकाच्या नजरेने वाचला आणि थक्क झालो. बाजारातील नेहमीचे सॉफ्टवेअर म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार असतो: घर वापरावयास मिळते, परंतु भिंतीवर उद्या काय टांगावयाचे हे मालक ठरवितो, आणि अटी बदलण्याचा अधिकारही तोच राखून ठेवतो. जीपीएलमध्ये याच्या उलट वापरण्याचा, आतली रचना तपासण्याचा, तीत फेरफार करण्याचा आणि ती दुसऱ्यास देण्याचा, असे सारे हक्क धारकास मिळतात. शिवाय अट अशी की पुढे जो कोणी ते वाटील, त्याने घेणाऱ्यालाही हेच हक्क द्यावेत. जमिनीसोबत पिढ्यान्पिढ्या चालत जाणाऱ्या शर्तीसारखी ती अट आहे, आणि इतका चोख मसुदा मी क्वचितच पाहिला.

याचा अर्थ मुक्त स्रोताच्या गावी सारेच साधुपुरुष राहतात, असा कोणी घेऊ नये. उबुंटू या लिनक्सच्या प्रसिद्ध आवृत्तीने ऑक्टोबर २०१२ मध्ये संगणकावरील शोधाच्या चौकटीत अ‍ॅमेझॉनच्या वस्तू दाखविण्यास आरंभ केला होता. त्यावर कडाडून टीका झाली, आणि २०१६ च्या आवृत्तीत ती सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ या नावाची साधी, जाहिरातमुक्त अ‍ॅपे २०२३ च्या अखेरीस एका कंपनीला विकली गेली. तेव्हा त्यांवर काम केलेल्या मंडळींनी जुन्या संहितेची प्रत घेऊन ‘फॉसिफाय’ या नावाने तोच संसार पुन्हा मांडला. माझ्या मते या पद्धतीचे खरे सामर्थ्य येथे आहे. मालक बदलला, त्याची नियत बदलली, तरी संहिता लोकांच्या हाती उरते, आणि लोक ती घेऊन वेगळे घर करू शकतात.

आता ज्यांना या वाटेने यावयाचे आहे त्यांच्यासाठी, मी केलेल्या चुकांसकट, क्रमवार सांगतो.

सर्वांत आधी आपल्या यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ हे सदर उघडावे आणि तेथे ज्या संमती आपण जाणून दिलेल्या नाहीत त्या रद्द कराव्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम वजा होण्यापूर्वी किमान २४ तास सूचना यावी लागते. तो संदेश न वाचता पुसून टाकण्याची सवय मला महागात पडली. त्यानंतर मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या सदराखाली ‘जाहिराती’ हा भाग उघडून आपला जाहिरात-क्रमांक काढून टाकावा. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे.

दुसरी गोष्ट, पहिल्याच दिवशी सारा संगणक बदलावयास जाऊ नये. मी उत्साहाच्या भरात तसे केले आणि आठवडाभर काम ठप्प झाले. आहे त्याच विंडोजवर आधी एकेक अवजार बदलावे: ब्राउझरसाठी फायरफॉक्स व त्यात जाहिराती अडविणारे युब्लॉक ओरिजिन, लेखनासाठी लिब्रेऑफिस, चित्रफितींसाठी व्हीएलसी. मोबाइलवर एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅपांचे भांडार घ्यावे. तेथे एखाद्या अ‍ॅपात जाहिरात वा पाळत असेल तर तसा स्पष्ट शेरा मारलेला असतो. प्रत्येक वस्तू मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावी, कारण २०१५ मध्ये गिंप या निर्मळ चित्र-संपादकालाही सोर्सफोर्जच्या भांडारात जाहिरातींची वेष्टने चढविण्यात आली होती.

तिसरी गोष्ट खास मराठी माणसाची आहे. माझे वीस वर्षांचे मसुदे युनिकोडपूर्व काळातील फॉन्टांत होते, आणि नव्या यंत्रावर ते उघडताच ‘हक्कसोडपत्र’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन माळ दिसली. म्हणून जुन्या यंत्रावर असतानाच महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करून ठेवावी आणि चालू मसुदे युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावे. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ असे सुंदर मुक्त परवान्याचे फॉन्ट उपलब्ध आहेत, आणि इनस्क्रिप्टचा कळफलक लिनक्समध्ये सहज मिळतो.

चौथी गोष्ट, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुने संगणक भंगारात काढण्याच्या बेतात असलेल्यांनी आधी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे. यंत्रात काही न बदलता त्याची परीक्षा घेता येते. माझा जुना संगणक आज त्यावर सुरळीत चालतो. डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल मात्र माझ्याच्याने त्यावर चालविता आला नाही, म्हणून त्या एका कामापुरते विंडोजचे यंत्र मी राखून ठेवले आहे. शक्य तेवढे करावे आणि उरलेल्यासाठी जीव टांगणीला लावू नये.

शेवटची गोष्ट, जे अवजार रोज उपयोगी पडते त्याच्या निर्मात्यांना वर्षाकाठी काहीतरी देणगी द्यावी. मुक्त म्हणजे कोणाच्या श्रमावाचून निर्माण झालेले नव्हे, आणि जो खर्च आपण उचलणार नाही, तो उचलावयास जाहिरातदार सदैव तयार असतो.

गेल्या वर्षी कळमेश्वरचे ते गृहस्थ चूकदुरुस्तीच्या दस्तासाठी पुन्हा आले. मी त्यांच्यासमोर मोबाइलचा फ्लाइट मोड चालू केला, नव्या अ‍ॅपने कागद टिपले, वायरीने ते संगणकात घेतले आणि मोबाइलमधील प्रती त्यांच्या देखत पुसून टाकल्या. मध्ये काहीही आडवे आले नाही. मग मागल्या खेपेचे जे मला पुढे कळले होते ते त्यांना सांगितले, आणि तेव्हा दिलेले उत्तर मी न जाणता दिले होते, हेही कबूल केले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग सातबारा घडी करून खिशात ठेवीत म्हणाले, “सांगतलं ते बरं केलं, बाबूजी. आता माह्या पोराच्या फोनातबी पाहून द्या.” त्या दुपारी त्यांच्या मुलाच्या मोबाइलमधील तीन ऑटोपे आम्ही दोघांनी मिळून रद्द केले.