किती वेळ? आणि त्या वेळात काय घडले?

लासलगावचा कांद्याचा बाजार तुम्हांला ठाऊक असेलच. त्याच गावी २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू झाले. काढणीनंतर वेळेवर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण ठरावीक मात्रेत दिले, की साठवणीत कांद्याला कोंब फुटत नाहीत.

ही मात्रा दोन गोष्टींवर ठरते : किरणांची तीव्रता आणि वेळ. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे आहे. म्हणजे नवा कोबाल्ट घातला नाही, तर तेवढ्या काळानंतर तीच मात्रा देण्यास दुप्पट वेळ लागेल. मग वहीत नुसते ‘१० मिनिटे’ लिहिले, तर त्यावरून काय समजणार? स्रोताची त्या दिवसाची स्थिती सोबत लिहिली, तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

हाच नियम आपल्या प्रयोगालाही लागू आहे. समजा, तुम्ही २० कांद्यांवर क्रमांक घातले, प्रत्येकाचे वजन लिहून ठेवले आणि दर आठवड्याला ते तोलू लागलात. सुरुवातीचे एकूण वजन २००० ग्रॅम होते. संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तुम्ही अशी नोंद ठेवली :

काम : कांदे तोलणे
३ मे, ७:१० ते ७:३० = २० मिनिटे
– एकूण १८६० ग्रॅम. क्र. ७ सडला, काढून टाकला (मूळ वजन १०० ग्रॅम).
१० मे, ७:१० ते ७:५० = ४० मिनिटे
– तराजूचा काटा शून्यावर नव्हता. दुरुस्त करून सर्व कांदे पुन्हा तोलले.

आता टिपा झाकून पाहा. पहिल्या आठवड्यात १४० ग्रॅम, म्हणजे ७ टक्के घट झाली आणि कांदे फार लवकर सुकतात, असे तुम्ही म्हणाल. टीप वाचली, की उरलेल्या १९ कांद्यांचे मूळ वजन १९०० ग्रॅम होते हे कळते. त्यांची घट फक्त ४० ग्रॅम, म्हणजे सुमारे २ टक्के! दुसरी टीप नसती, तर पुढच्या आठवड्यासाठी विनाकारण ४० मिनिटे राखून ठेवली असती.

टीप वेगळ्या कागदावर लिहिली, तर ती कोणत्या वेळेची हे महिन्याभराने आठवत नाही. म्हणून ती वेळेच्या ओळीखालीच हवी. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली ‘ऑर्ग मोड’ ही कामांच्या नोंदींची पद्धत तयार केली. तिच्यात सारे काही साध्या मजकुरातच राहते. कामाचे घड्याळ थांबवताना ती टीप मागते, अशी सोय करून घेता येते. संगणक नसला तरी बिघडत नाही. प्रयोगवहीत प्रत्येक वेळेखाली एक ओळ मोकळी सोडा.

टीप लिहिताना तीन गोष्टी पाळा. ती काम संपताच लिहा. ‘नीट झाले नाही’ असे न लिहिता नेमके काय झाले ते लिहा. जुनी टीप खोडू नका; चूक कळल्यास तारीख घालून खाली नवी जोडा.

करून पाहा : एक आठवडा आपल्या अभ्यासाची वेळ टिपांसह नोंदवा. मग वही मित्राला द्या. तुम्हांला काही न विचारता, कोणत्या दिवशी वेळ का वाढला हे त्याला सांगता आले, तर तुमची नोंद खरी!