उकिडवे बसल्यावर उठता येत नाही तेव्हा

हार्मोनच्या बिघाडाने येणारी स्नायूंची दुर्बलता बहुधा मांड्या, कंबर आणि खांद्यांत आधी जाणवते. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरच्या शिवारात ती खुरपणीला ध्यानात येते: मांडीवर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, पाटी डोक्यावर चढवताना खांदे साथ देत नाहीत, मूठ मात्र घट्ट वळते. याला अशक्तपणा समजून सलाईन आणि ताकदीच्या इंजेक्शनांत महिने जातात. हे टिपण अशाच एका घरच्या अनुभवातून आले आहे. तिथे थायरॉइडची साधी तपासणी सगळ्यांत शेवटी झाली.

थायरॉइड कमी पडली की अंग जड होते, पेटके येतात आणि रक्तातले सीपीके हे स्नायूंतले एन्झाइम वाढते. त्यामुळे मूळ आजार स्नायूंचाच वाटतो. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पाहिल्याशिवाय तो शिक्का मारू नये. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी. लोह किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर 4 तासांनी. रक्ताचे आकडे आधी सुधारतात, मांड्यांतला जोर परतायला महिने लागतात. या काळात धीर सोडून गोळी बंद करणारे पुष्कळ.

सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. चेहरा गोल, पोट सुटलेले, हातपाय बारीक आणि सीपीके सामान्य असेल तर हा संशय घ्यावा. पुडी डॉक्टरांना दाखवावी, पण स्वतःहून एकदम थांबवू नये. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनणे मंदावलेले असते आणि त्यातून जिवावर बेतू शकते.

थायरॉइड वाढल्यानेही मांड्या सुकतात. त्यात क्वचित, जड जेवणानंतर किंवा खूप कष्टांनंतर, पहाटे पाय अचानक लुळे पडतात. पोटॅशियम घसरलेले असते आणि ग्लुकोजच्या सलाईनने ते आणखी घसरते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे, तिथे सलाईनच्या आधी पोटॅशियम तपासून घ्यावे.

हार्मोन ठीक असूनही जोर घटत राहिला, तर स्नायूंचा आजार शोधावा लागतो. पापण्यांवर जांभळट चट्टे हे त्यातल्या दाहाचे लक्षण. त्यावर औषधे आहेत. लहान मुलगा वारंवार पडत असेल, पोटऱ्या फुगलेल्या असतील आणि तो स्वतःच्या मांड्यांवर हात रोवत उठत असेल, तर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आनुवंशिक आजार तपासावा. त्यासाठी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता लवकर धरावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीची नोंद आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.