शुक्राची चांदणी

पहांटे पूर्वेस किंवा सांजवेळीं पश्चिमेस जी ठळक चांदणी दिसते, ती कोणाच्या ओळखीची नाहीं? परंतु ती तारा नव्हे. पृथ्वीप्रमाणेंच सूर्याभोंवतीं फिरणारा तो एक खडकाळ ग्रह होय.

१. आकार व गति.— शुक्राचा व्यास सुमारें १२,१०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीहून किंचित् कमी आहे. सूर्याची प्रदक्षिणा तो २२५ दिवसांत पुरी करितो. पण स्वतःभोंवतीं एक फेरा घेण्यास त्यास २४३ दिवस लागतात, व तोही उलट दिशेनें. यास्तव तेथें सूर्य पश्चिमेस उगवतो. फिरतां फिरतां शुक्र सूर्याच्या तेजांत सांपडला म्हणजे आपणांस दिसेनासा होतो. यासच लोक शुक्राचा अस्त म्हणतात व त्या काळांत लग्नें टाळतात. पण भर उन्हांत दिवा दिसत नाहीं, म्हणून तो विझला असें कोणी म्हणतो काय?

२. उष्णता.— बुध सूर्यास अधिक जवळ आहे, तरी शुक्र त्याहून तप्त आहे. शिसें ३२७ अंशांवर वितळतें. शुक्राची भूमि ४६० अंशांहून अधिक तापलेली असते. याचें कारण त्याची हवा. तींत शेंकडा ९६ भाग कार्बन डायऑक्साइड वायु आहे. घोंगडी स्वतः ऊब उत्पन्न करीत नाहीं, अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. हा वायु तसेंच करितो. शिवाय तेथील हवेचा दाब आपल्या येथल्याच्या नव्वद पटींहून अधिक, आणि ढग गंधकाच्या तेजाबाचे. रशियाचें व्हेनेरा ७ हें यान १९७० सालीं तेथें उतरलें. त्याचे क्षीण संदेश २३ मिनिटें आले, मग तें मुकें झालें.

३. बोध.— हा वायु पृथ्वीवरही विपुल आहे. पण पाऊस व समुद्र यांच्या योगानें तो बहुतेक चुनखडीच्या खडकांत कोंडला गेला आहे. शुक्रावर पाणी टिकलें नाहीं, म्हणून तो हवेंतच राहिला. आपण कोळसा व तेल जाळून तोच वायु पुन्हां हवेंत सोडीत आहों. यानें पृथ्वी शुक्रासारखी होईल असें नव्हे. परंतु घोंगडी थोडी जाड झाली तरी पाऊस व पीक यांस बाध येतो, हें शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

प्रश्न.— (१) शुक्राचा अस्त म्हणजे काय? (२) बुधाहून शुक्र अधिक तप्त कां? (३) पृथ्वीवरील हा वायु बहुतेक कोठें कोंडलेला आहे?