ललितेतर पुस्तक कसे पारखावे?

वाचन म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कथा, कादंबरी किंवा कविता उभी राहते. वर्गात समीक्षेच्या ज्या कसोट्या आपण शिकतो, त्याही प्रामुख्याने ललित वाङ्मयाच्याच. कथानक, व्यक्तिचित्रण, प्रतिमा यांवर आपण चार पाने सहज लिहू शकतो. परंतु इतिहास, आत्मचरित्र, समाजवर्णन, प्रवासवृत्त किंवा वैचारिक ग्रंथ हाती आला, की आपला अभिप्राय 'माहितीपूर्ण आहे', 'भाषा ओघवती आहे' एवढ्यावर संपतो. या अभिप्रायाने त्या ग्रंथाला न्याय मिळत नाही. ललितेतर लेखक आपल्यापुढे काही विधाने करीत असतो : हे असे घडले, हे असे आहे, हे असे असावयास हवे. ती विधाने कितपत टिकतात हे न पाहता भाषेचेच कौतुक करणे, म्हणजे साक्षीदाराचा आवाज गोड आहे म्हणून त्याच्या बाजूने निकाल देणे होय.

माझ्या मते अशा पुस्तकाला पहिला प्रश्न विचारावा तो हा : हे लेखकाला कसे कळले? त्याने स्वतः पाहिले, कोणाकडून ऐकले, कागदपत्रांत शोधले, की तर्काने काढले? उत्तर बदलले की कसोटीही बदलते.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. कोकणातील वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळविण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. हकीकत मात्र त्यांनी लिहिली ती सुमारे पंचवीस वर्षांनंतर. तेव्हा झाशीत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आणि वाटेत कानांवर आलेले, असे दोन भाग आपण मनाशी वेगळे केले पाहिजेत. पाहिलेल्या भागालाही विस्मरणाची सूट द्यावी लागेल. ऐकीव भाग टाकाऊ आहे असे मात्र नव्हे. घटना कशी घडली याचा तो पुरावा नसेल, पण लोक त्या वेळी काय खरे मानीत होते याचा निश्चितच आहे. शिवाय आपल्या हातातील प्रत कोणती, हेही पाहावे. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक संस्कार करून छापले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ साली निघाली. गोडसे यांच्या भाषेविषयी मत देणाऱ्याने आधी ती भाषा खरोखर त्यांचीच आहे ना, हे तपासावयास हवे.

इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ला (१९६७) ही कसोटी लागू पडत नाही. तेथे लेखिका साक्षीदार नसून अन्वयार्थ लावणारी आहे. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्यांनी आधाराला घेतली आहे. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असेल काय, या शक्यतेचा त्या विचार करतात, तेव्हा आपण दोन गोष्टी पाहाव्यात. त्यांनी दिलेले आधार मूळ ग्रंथात आहेत काय? आणि विरुद्ध जाणाऱ्या स्थळांचा विचार त्यांनी केला आहे काय? निष्कर्ष आपल्याला रुचतो की नाही, हा प्रश्न यानंतरचा.

याहून अवघड प्रसंग येतो तो एकाच विषयावरची पुस्तके परस्परांहून वेगळे सांगू लागतात तेव्हा. 'जुने खेडे स्वयंपूर्ण होते' असे वाक्य आपण उत्तरपत्रिकेत बिनदिक्कत लिहितो. मी हे वाक्य मनात ठेवून तीन पुस्तके एकापाठोपाठ वाचली.

जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला. त्याचा स्वर रागाचा आहे, आणि अशा पुस्तकाला 'एकांगी' म्हणून बाजूला सारणे सोपे असते. परंतु राग आणि निरीक्षण वेगळे करून पाहिले, तर शेतकऱ्याच्या घराचे त्यांनी केलेले वर्णन बारकाईचे आहे आणि तलाव-बंधाऱ्यांसारखे सुचविलेले उपाय व्यवहाराला धरून आहेत. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) याच्या अगदी उलट प्रकृतीचा. आत्रे महसूल खात्यातील अधिकारी. वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते यांची कामे, हक्क आणि कुणब्यावर पडणारा त्यांचा भार यांची इतकी तपशीलवार नोंद अन्यत्र मिळणे कठीण. पण ही नजर हिशेब तपासणाऱ्याची आहे. धान्याच्या राशीतून किती गेले हे ती अचूक पाहते. ते मागावयास उभ्या राहिलेल्या माणसाचे मन तिला फारसे दिसत नाही. ते दिसते दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८). 'गावगाड्या'त जी हिशेबाची एक बाब आहे, ती येथे दगडू नावाच्या मुलाच्या वाट्याला आलेली मानहानी आहे. अर्थात एका माणसाच्या आठवणींतून संपूर्ण गावाचा जमाखर्च निघणार नाही, आणि लेखकाने तसा आवही आणलेला नाही.

यांतले खरे कोणते, असा प्रश्न वर्गात हटकून निघेल. मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. तिघेही एकाच गाड्याविषयी बोलत आहेत, पण एक जण तो ओढणाऱ्याच्या बाजूने, दुसरा कचेरीतून आणि तिसरा चाकाखालून. ज्याने केवळ 'गावगाडा' वाचला, त्याच्या 'स्वयंपूर्ण' या शब्दात गावकुसाबाहेरचा माणूस धरलेलाच नसतो, आणि ही उणीव त्याला कधी जाणवतही नाही. म्हणून लेखकाने काय सांगितले याइतकेच, तो जेथे उभा होता तेथून त्याला काय दिसणे शक्य नव्हते, हेही मूल्यमापनात यावयास हवे. हा लेखकावर ठेवलेला दोष नव्हे. आत्रे यांच्या ग्रंथाचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट कोणत्या कामासाठी त्यावर भिस्त ठेवावी हे निश्चित होते.

पुष्कळ वाचावे असे आपल्याला सर्वच सांगतात. परंतु ललितेतर वाचनात संख्येपेक्षा निवड महत्त्वाची. एका बाजूची दहा पुस्तके वाचून आपले मत केवळ पक्के होते. दुसऱ्या बाजूचे एक वाचले की ते तपासले जाते. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. पुस्तक ग्रंथालयात परत करण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहावयाच्या : लेखकाला हे कशावरून कळले, त्याच्या दृष्टीतून काय निसटले, आणि त्याच्याशी कोण वाद घालील. तिसऱ्या ओळीत ज्याचे नाव येईल, त्याचे पुस्तक पुढच्या खेपेस मागून घ्यावयाचे. परीक्षेच्या धांदलीतही एवढे जमण्यासारखे आहे.