विश्वामित्रीचे पाणलोट क्षेत्र : उपग्रहाच्या नजरेतून

आपली विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावून पुढे ढाढर नदीस मिळते. जेवढ्या भूभागावरील पावसाचे पाणी तिच्यात येते, ते तिचे पाणलोट क्षेत्र. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या पुराचे पाणी बडोद्यातील अनेक घरांत शिरले. म्हणून या क्षेत्रात रान, शेत, तळी व वस्ती कोठे आहे, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत पाठवते. उपग्रह दोन्ही मोजतो. या दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागावे. समजा, अवरक्त ५० टक्के व तांबडा १० टक्के परतला, तर ४० ÷ ६० = ०.६७, म्हणजे दाट हिरवळ. ३० व २० टक्के असल्यास उत्तर ०.२, म्हणजे झाडोरा विरळ.

कापणीनंतर शेतही उघडे दिसते. म्हणून वर्षे निरनिराळी, पण महिना एकच, अशी चित्रे ताडून पाहावीत. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे विनामूल्य मिळतात.

जेथे माती जाऊन काँक्रीट येते, तेथे पाणी मुरत नाही, वेगाने नदीत उतरते. पालकांनी मुलांसोबत समा परिसराची जुनी व नवी चित्रे अवश्य पाहावीत. नदीकाठची किती जमीन आपण बांधून काढली, हे मोजल्याशिवाय पुराचा सगळा दोष पावसाला देता येणार नाही.